जिभेखालची गोळी

त्रिमूर्तीनगर, नागपूर
७ सप्टेंबर

ती. प्रेमिलाताईस,
मेघाचा सविनय जयभीम, वि. वि.

इकडे सगळं ठीक. प्रशिकची बदली पुन्हा लांबली, म्हणजे आणखी वर्षभर त्याचे विनोद मलाच ऐकायचे आहेत. वैभवीचा पुण्याहून रोज फोन येतो. तिच्या आवाजावरून ती जेवली की नाही ते मला कळतं, असं मी समजते. प्रशिक म्हणतो, तसं फक्त मीच समजते.

आवाजावरून आठवलं. मागच्या रविवारी फोन केला तेव्हा भाऊजींनी नेहमीसारखा स्पीकर लावला आणि पंचवीस मिनिटं तेच बोलले. तू आतून बरं आहे एवढंच म्हणालीस. पीठ मळत होतीस म्हणे. मला तो आवाज दमलेला वाटला, पण स्पीकरवर कसं विचारणार? म्हणून हे पत्र, नेहमीप्रमाणे तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर. चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या दोन बहिणी आजच्या काळात अंतर्देशीय पत्रं विकत घेतात, याचं प्रशिकला अजून हसू येतं. मी त्याला म्हटलं, भाऊजींना अटॅकनंतर घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते की यांना टेन्शन देऊ नका, आणि त्या दिवसापासून सहा वर्षं माझ्या बहिणीने त्या घरात काळजीचा एक शब्द मोठ्याने येऊ दिलेला नाही. घरात फोन एकच, तोही भाऊजींच्या हातात. मग काळज्यांनी जायचं कुठे? पोस्टाने.

कॉलेजात हृदयविकारावर व्याख्यान झालं. ग्रंथालयाची माणसं खुर्च्या मांडायला असतात, म्हणून मी होते, मग ऐकायलाही बसले. शेवटच्या रांगेत बसले. गेल्या वर्षी छातीत दुखतंय म्हणून मी प्रशिकला स्कूटर काढायला लावून इमर्जन्सी गाठली होती आणि शेवटी तो आदल्या रात्रीच्या सांबारवडीचा गॅस निघाला, हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणी विसरलेलं नाही.

मी आजवर समजत होते की अटॅक म्हणजे हृदय बंद पडणं. तसं नाही म्हणे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते, आणि त्या नळीवर जगणारा स्नायू उपाशी राहून मरायला लागतो. हृदय तेव्हा चालूच असतं. ते बंद पडणं ही वेगळी गोष्ट, पहिलीतून होऊ शकणारी. नळीच्या आत चरबीचा थर असतो, तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते. नळी पूर्ण तुंबली तर एक नाव, अर्धवट तुंबून स्नायू दुखावला तर दुसरं, आणि दुखावण्याआधीच्या इशाऱ्याला तिसरं. तिन्ही नावं मी वहीत उतरवून घेतली आणि घरी आल्यावर माझंच अक्षर मला लागेना. भाऊजींचं यातलं कोणतं होतं वं ताई? आपण सहा वर्षं नुसतं अटॅक म्हणतो आहोत.

पत्र लिही. तुझ्याबद्दल लिही, भाऊजींच्या पथ्याबद्दल नको. तुझी माया आहेच, ती हस्ताक्षरात पाठव.

तुझी,
मेघा


खापा
१४ सप्टेंबर

चि. मेघास,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हा पोरांची वजनं चालू होती. पोस्टमनने ते सरळ वजनकाट्यावर टाकलं आणि माझी मदतनीस मायाबाई म्हणाली की शहरातली पत्रं हलकीच असतात. वाचून झाल्यावर मीही तेच म्हटलं.

यांचं कोणतं होतं ते मला काय माहीत? कागदावर इंग्रजीत आहे, कागद फाइलीत आहे, फाइल कपाटात आहे आणि किल्ली आमच्या गुरुजींकडे आहे. मागितली तर काहून मागून राहिली म्हणतील. मला एवढंच ठाऊक आहे की मीठ कमी, तेल कमी, सकाळी नदीकडे फिरणं, तीन गोळ्या नाश्त्यानंतर, दोन जेवणानंतर, आणि छातीत कळ आली तर जिभेखालची. सहा वर्षांत ती त्यांना चारदा लागली असेल. ती माझ्या पर्समध्येही असते. गुरुजी सध्या मजेत आहेत. नगरपालिकेच्या पाण्याबद्दल अर्ज लिहितात, ग्रुपवर टाकतात, आणि उत्तर आलं नाही की मलाच वाचून दाखवतात.

माझ्याबद्दल लिही म्हणतेस तर लिहिते. माझा डावा जबडा दुखतो. सावनेरच्या दातांच्या डॉक्टरने पाहून सांगितलं की बाई दात तर पंचविशीतले आहेत, चणे खा. पाण्याच्या टाकीपासून अंगणवाडीपर्यंत जो चढ आहे, तिथे आलं की जबडा धरतो, हात जड होतो आणि मळमळतं. दोन मिनिटं उभी राहिले की जातं. मायाबाईचं म्हणणं, नुसत्या चहावर घरून निघता, पित्त आहे. असेल. थकवा तर असा आहे की खिचडीचं पातेलं एकटीने उतरवता येत नाही. छप्पन पूर्ण झाली, आता काय धावायचं आहे? छातीत मात्र काही दुखत नाही, तेव्हा मला तुझ्या व्याख्यानात बसवू नको.

एक गंमत सांगते. परवा चढावर जास्तच झालं, तेव्हा म्हटलं बघू तरी, आणि यांची गोळी जिभेखाली ठेवली. चार-पाच मिनिटांत जबडा मोकळा. डोकं तेवढं ठणकलं. इतकी छान गॅसची गोळी आणि सहा वर्षं हे एकटेच खातात. आता आठवड्यातून दोन-तीनदा मीही घेते. यांना कळू देऊ नको.

वैभवीला म्हणावं, मावशीला फोटो नको, दोन ओळी लिही. प्रशिकरावांना जयभीम, आणि त्यांच्या विनोदांना माझ्याकडून सहानुभूती.

तुला आठवणारी,
ताई


नागपूर
१८ सप्टेंबर

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा गॅसच्या गोळीपाशी मी मोठ्याने हसले. हे मुद्दाम लिहिते, कारण यापुढे मी फार शहाणी असल्यासारखी लिहिणार आहे आणि मी तशी नव्हते हे तुला माहीत असावं. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. तिसऱ्यांदा वही काढली.

आमच्या ग्रंथपालबाईंची सून, मयुरा, डॉक्टर आहे. तिला मी एका ओळखीच्या बाईंचं म्हणून सांगितलं. तिने वय विचारलं, शुगर विचारली, पाळी जाऊन किती वर्षं झाली विचारलं, घरात कोणाला हृदयाचं होतं का विचारलं. मी म्हटलं आमचे बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. आमचे म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. ओळखीच्या बाई तिथेच संपल्या.

ती म्हणाली की हृदयाचं दुखणं छातीतच दुखेल असं नाही. जबड्यात, खांद्यात, पाठीत, हातात येऊ शकतं. बायकांमध्ये पुष्कळदा नुसती मळमळ, दम आणि न जाणारा थकवा असतो, आणि त्या पित्त म्हणून बसून राहतात. चढलं की येतं, थांबलं की जातं, ही तिला सगळ्यात न आवडलेली गोष्ट. मी विचारलं, गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयच का? तर म्हणे तसंही नाही, अन्ननलिकेची कळही त्या गोळीने जाते. मग बरं वाटलं ते चांगलं की वाईट? म्हणे दुसऱ्याची गोळी खाऊन बरं वाटणं कधीच चांगलं नाही. दुखायचं थांबतं, म्हणून माणूस शोधायचं थांबवतो.

मी आणखी गोंधळले. मला प्रत्येकाच्या छातीत माझीच सांबारवडी दिसते का? की तेव्हा हसं झालं म्हणून आता मी मुद्दाम हळू बोलते आहे? रात्री डायरीत दोन्ही बाजू लिहिल्या. दोन्ही खऱ्या वाटल्या. शेवटी एवढंच मागते: एकदा ईसीजी काढ. मी येते सोबत. अंगणवाडीत येईन, घरी नाही येणार, भाऊजींना कळायचंही नाही.

फोनवर घरात काही बोलणार नाही, असा शब्द मी तुला सहा वर्षांपूर्वी दिला होता. तो पाळते आहे. पाळावा की नाही, हे या वेळी मला समजत नाही.

रागावलीस तरी चालेल, गप्प राहू नको.

मेघा


खापा
२८ सप्टेंबर, रविवार

चि. मेघास,
आशीर्वाद, आणि यावेळी थोडे कमी, कारण तू मला घाबरवलंस.

तुझ्या समाधानासाठी गेले. सुपरवायझरची मीटिंग आहे सांगून सावनेरला गेले आणि एका डॉक्टरांकडे ईसीजीची पट्टी काढली. नॉर्मल. त्याची झेरॉक्स सोबत पाठवते, म्हणून यावेळी पाकीट आहे. ग्रंथालयात लाव. डॉक्टर म्हणाले की आत्ता काही दिसत नाही, पुन्हा दुखलं तर दुखत असतानाच या. आता दुखत असताना माणूस बस धरून सावनेरला कसा जाणार, ते त्यांनी सांगितलं नाही. नागपूरला जाऊन आणखी तपासण्या करा असंही बोलले. ते तर सगळ्यांनाच सांगतात.

खोटं बोलून गेले याचं वाईट वाटलं. परत आले तर गुरुजींनी मीटिंगमध्ये काय ठरलं विचारलं आणि मला एक ठराव बनवून सांगावा लागला. तो त्यांना इतका आवडला की तो त्यांनी ग्रुपवर टाकला.

आता हा विषय पुरे. तरी तुझी शंका राहू नये म्हणून आजचंही लिहिते. सकाळी अंबाडीची भाजी निवडत बसले होते, चढ नाही की काही नाही, आणि तेच सुरू झालं. जबडा, हात, आणि घाम असा की पोलकं पिळावं. गोळी ठेवली. गेलं नाही. दुसरी ठेवली. मग थोडं कमी झालं. गुरुजींच्या टीव्हीवरच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा सुरू झालं आणि बातम्या संपून चर्चा लागली तरी होतंच. त्यांनी विचारलं काहून चूप बसली वं, तर म्हटलं देठं जून आहेत, निवडून राहिली. तुला फोन करावासा वाटला, पण फोन त्यांच्या मांडीवर होता. म्हणून आता हे पत्र लिहिते आहे. हात अजून थोडा जड आहे, अक्षर सांभाळून घे.

पण पट्टी नॉर्मल आहे ना. मग हे हृदयाचं कसं असेल? तूच सांग, तुझ्याकडे वही आहे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायचं मनात होतं, गर्दीत जमेल असं वाटत नाही. माझ्या वाटची एक मेणबत्ती लाव.

ताई


रुग्णालय, तिसरा मजला, बाहेरचं बाक
६ ऑक्टोबर

ती. ताईस,
जयभीम. पुढचं सुचत नाही.

काल भेटीच्या वेळेला आत आले तर तू भिंतीकडे तोंड केलंस. नर्सबाई म्हणाल्या पेशंटला झोप येते आहे. तुला झोप येत नव्हती. आपण एका खोलीत वीस वर्षं झोपलो आहोत, तुझी झोपेतली पाठ मला माहीत आहे. म्हणून लिहिते. नर्सबाई कागद आत द्यायला तयार झाल्या.

तुझं पत्र बुधवारी, एक तारखेला आलं. मी ते शनिवारी, चार तारखेला उघडलं. काटोलहून सासरची अकरा माणसं आली होती, दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, दोन तारखेला सगळे दीक्षाभूमीवर. पत्र फ्रिजवर होतं, नंतर पाहुण्यांनी आणलेल्या पुस्तकांखाली गेलं. हे सगळं खरं आहे, आणि हे कारण नाही. ते फ्रिजवर मीच ठेवलं होतं. तुझं अक्षर ओळखून ठेवलं होतं. आत ईसीजी असणार आणि तो नॉर्मल असणार, मग तू मला चिडवलेलं असणार, आणि ते पाहुण्यांसमोर वाचायचं नव्हतं. एवढंच होतं माझ्या मनात. पाहुणे निघून गेल्यावर, हसं करून घ्यायच्या तयारीने मी पत्र फोडलं.

घामाच्या ओळीपाशी आले आणि मयुराला फोन लावला. तिने ओळही पूर्ण ऐकली नाही. बसल्या जागी आलं, जास्त वेळ टिकलं, गोळीने गेलं नाही, घाम आला, हे चारही तिला एकाच वाक्यात नको होते. विचारलं हे कधीचं. मी म्हटलं रविवारचं. मी विचारलं पट्टी तर नॉर्मल होती ना, तर म्हणे दुखत नसताना काढलेली एक पट्टी म्हणजे घरी चोर नसताना काढलेला घराचा फोटो.

मग मी तुमच्या घरी फोन लावला. शब्द मोडायचा की नाही यावर मी फार विचार केला असं तुला वाटेल. केला नाही. तो नंतर केला, इथे बाकावर. भाऊजींनी उचलला, स्पीकर लावला, दीक्षाभूमीवर कोणती पुस्तकं घेतली ते विचारायला लागले. मी त्यांना मध्येच तोडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं भाऊजी, ताईला महिनाभर हृदयाचं दुखतं आहे, रविवारी बहुतेक अटॅक येऊन गेला, ती तुमच्या गोळ्या खाऊन राहिली, तिला आत्ताच्या आत्ता घेऊन निघा. तू मागून ओरडलीस की मेघी पागल झाली आहे, पोळ्या व्हायच्या आहेत. ते मी ऐकलं. भाऊजींचा मात्र काहीच आवाज येईना. इतका वेळ येईना की मला वाटलं, एकीला वाचवताना मी दुसरा माणूस मारला. मग त्यांनी तुला विचारलेलं ऐकू आलं की प्रेमिला, आता दुखते का. लाटण्याचा आवाज थांबला. आणि ते मला म्हणाले फोन ठेव, मला एकशेआठला लावायचा आहे.

आता डॉक्टरांनी सांगितलं ते. इथे आल्यावर काढलेल्या पट्टीत थोडा फरक होता, थोडाच. रक्तात मात्र तो पदार्थ वाढलेला होता, जो हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात येतो. काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं. तेव्हाही वाढलेलाच. नळी पूर्ण बंद नव्हती, नव्वद टक्के होती. काल स्टेंट टाकला. मी विचारलं मग हा अटॅकच का? म्हणे हो. मग सावनेरचा कागद चुकीचा? म्हणे नाही, तोही बरोबर. मी विचारलं रविवारीच आली असती तर? डॉक्टर म्हणाले, स्नायूचा थोडा भाग कमजोर झाला आहे, तो रविवारी झाला की नंतर थोडा थोडा, हे आता सांगता येणार नाही. मी म्हटलं आणि बुधवारी आली असती तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बुधवारी काय होतं ते विचारलं. मी सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

माफी मागायची आहे, पण कशाची ते ठरत नाही. शब्द मोडल्याची, की तो तीन दिवस आधी न मोडल्याची? पहिल्याची मागितली तर खोटं होईल.

बाहेर भाऊजी आहेत. त्यांना चहा देते.

मेघा


खापा
११ ऑक्टोबर

चि. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम.

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. या घरातून तुला सहा वर्षे पत्रे जात होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मला रुग्णालयात समजले. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वर्गात मागच्या बाकावर चिठ्ठी फिरली तरी मला कळत असे, असा माझा समज होता.

प्रेमिला बुधवारी घरी आली. प्रकृती बरी आहे. तिच्या गोळ्या आता मी देतो. माझ्या फाइलीशेजारी तिची फाइल केली आहे आणि दोन्हींवर रोगाचे नाव मराठीत लिहून लावले आहे, मयुराताईंना विचारून. माझी नळी पूर्ण बंद झाली होती, हिची अर्धवट. दोन्ही फायली ती वाचत बसली होती. म्हणाली, यात मोठं कोणतं?

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. तू शनिवारी फोनवर जे सांगितलेस ते ऐकून मी बोललो नाही, याचा अर्थ तू वेगळा घेतलास असे प्रेमिला म्हणते. मला काही झाले नव्हते. मला आठवत होते की रविवारी ती गप्प होती आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

डॉक्टरांनी मला टेन्शन नको म्हटले ते मीही ऐकले होते. त्याचा अर्थ घरात एवढा केला जाईल हे माहीत नव्हते. लोक माझ्याशी फक्त हवापाण्याचे बोलतात, हे माझ्या लक्षात आले होते. मला वाटले म्हाताऱ्या मास्तराशी सगळे तसेच बोलतात. म्हणून मीच बोलत राहत असे. सहा वर्षे मी माझ्या घरात पाहुण्यासारखा राहिलो, मेघा. चांगले खायला मिळत होते, कोणी काही सांगत नव्हते.

तुझ्यावर राग नाही. हिचा थोडा आहे, तो तिला मी सांगितला आहे. तुझ्या तीन दिवसांविषयी तिने मला सांगितले. माझ्याकडे सहा दिवस होते, आणि पेशंट त्याच खोलीत होता.

घरी सगळ्यांना जयभीम सांग आणि आमच्यावरची माया कमी करू नको.

नागसेन


खापा
३० ऑक्टोबर

चि. मेघास,
अ. उ. आ. व जयभीम, नेहमीइतके.

महिनाभर तुला लिहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून किती दिवस राहणार? मानही दुखायला लागली.

तुझ्यावर राग होता, खोटं कशाला बोलू? अटॅकचा नाही. मी पोळ्या लाटत असताना तू मला यांच्यासमोर आजारी करून टाकलंस, त्याचा. या घरात आजारी कोण आणि जपणारं कोण हे ठरलेलं होतं. ते एका फोनवर उलटं झालं आणि मला कुठे बसावं ते समजेना. अजून समजत नाही. त्या संध्याकाळी रुग्णालयातल्या नर्सने यांचं बीपी पाहिलं, तर माझ्यापेक्षा चांगलं निघालं. सगळं टेन्शन एका दिवसात मिळालं, आणि माणूस बाहेर बसून समोसा खात होता. मग मी सहा वर्षं काय जपत होते? त्यांचं हृदय, की माझी सवय? हे तुझ्या डायरीसारखं व्हायला लागलं, पुरे करते.

तीन दिवसांचं तू मनातून काढ. मला रविवारी सकाळी दुखत होतं आणि मी पत्र लिहायला बसले. पत्र, मेघा. वर तिकीट आहे का पाहिलं. त्यात तुझा बुधवार कुठे मोजायचा? डॉक्टरांनाच सांगता येत नाही तर तू आणि मी कशाला वाटणी करत बसायचं?

आता आजचं सांगते. अंगणवाडीत जायची परवानगी अजून नाही, पण पोरांना बघून येते म्हणून निघाले. हळूहळू चालायला डॉक्टरांनीच सांगितलं आहे. टाकीच्या चढावर अर्ध्यात आले आणि जबड्याजवळ काहीतरी झालं. थांबले. कमी झालं. पुन्हा चालले, पुन्हा झालं. दुखत होतं की दुखेल म्हणून भीती वाटत होती, तेच मला ठरवता येईना. मायाबाई वरून हाका मारत होती. मी हात हलवला आणि मागे वळले.

घरी आले तर गुरुजी अर्ज लिहीत होते. मी दारातूनच मोठ्याने सांगितलं की मला चढावर दोनदा काहीतरी झालं, दुखलं की भ्याले ते मला कळत नाही. एवढं बोलायला मला दाराची चौकट धरावी लागली. त्यांनी पेन टोपणात घातलं, कुठे झालं, किती वेळ झालं विचारलं, मला खुर्चीत बसवलं आणि गाडी बोलावली. टेन्शन बिन्शन काही नाही. वाटेत मात्र ड्रायव्हरला हळू चालवतो म्हणून इतकं बोलले की मलाच त्याची दया आली.

रुग्णालयात पट्टी काढली, रक्त घेतलं, तीन तासांनी पुन्हा घेतलं. दोन्ही साफ. स्टेंट ठीक आहे म्हणाले. मग जबड्यात काय होतं? तेही सांगता येत नाही म्हणाले. मला ओशाळल्यासारखं झालं, उगाच एवढी धावपळ. एक नव्या डॉक्टरीणबाई माझ्या कागदावर वेळ लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आजी, पुढच्या वेळीही असंच या.

आजी म्हणाली ती मला. त्याचं दुखतं आहे, आणि ते नक्की कुठे दुखतं ते कळतं.

हे पत्र गुरुजींनीच आणून दिलेल्या कागदावर लिहिते आहे, ते समोर बसले आहेत. रविवारी फोन कर. मी उचलेन.

तुम्हा तिघांना आमच्या दोघांची माया.

ताई